जनुकाचे कवच आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न

मा. संपादक,
स. न.

एचआयव्हीची लागण न होणाऱ्या माणसांविषयीचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. अवघड विषय सोपा केला आहे, त्याबद्दल लेखकाचे कौतुक. पण 'आपल्यात हे जनुक आहे का, ते चाचणीने कळू शकते' असे म्हणून लेख थांबतो, तिथे मी अडखळले. मी जीवशास्त्र शिकवते. वर्गात एका मुलाने विचारलेच, "मॅडम, ते जनुक निघालं तर मग कंडोमची गरज नाही ना?" वर्ग हसला. मला हसू आले नाही.

लेखातली मूळ माहिती खरी आहे. सीडी४ या रोगप्रतिकारक पेशीत शिरायला विषाणूला पेशीवरचा आणखी एक रेणू लागतो, बहुतेक वेळा सीसीआर५. त्याच्या जनुकातली ३२ अक्षरे गळालेली असली, आणि तीही आई व वडील दोघांकडून आलेल्या प्रतींत, तर तो रेणू पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही. हे १९९६ मध्ये उघड झाले. मात्र काही विषाणू सीसीआर५ऐवजी सीएक्ससीआर४ नावाचा रेणू वापरतात आणि दोन्ही प्रती गळालेल्या माणसांनाही त्यांची लागण झाल्याच्या नोंदी आहेत. असे 'कवच' उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे १ टक्क्याला असते. आफ्रिकेत आणि पूर्व आशियात ते जवळजवळ सापडत नाही. एकच प्रत गळालेली असेल तर लागण होते, फक्त उपचार नसताना आजार थोडा हळू बळावतो.

लेखात न आलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लागण झाल्यावर कुणाचा आजार झपाट्याने वाढतो आणि कुणाचा रेंगाळतो, यात एचएलए जनुकांचा मोठा वाटा आहे. आत शिरलेल्या विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवायचे, हे या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे काम. एचएलए-बी ५७ आणि बी २७ हे प्रकार नेमके असे तुकडे दाखवतात, की ते बदलायला गेले तर विषाणूचीच ताकद घटते. बी ३५च्या काही प्रकारांत उलट, आजार लवकर वाढतो. औषधांशिवाय विषाणू दाबून ठेवणारे रुग्ण १ टक्क्याहूनही कमी असतात. त्यांच्यात बी ५७ वारंवार दिसतो हे खरे, पण बी ५७ असलेल्या बहुतेकांना ते जमत नाही. आणि गंमत पाहा, याच बी ५७चा ०१ हा उपप्रकार असलेल्यांना अबाकाविर या एचआयव्हीवरच्या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते औषध सुरू करण्याआधी या उपप्रकाराची तपासणी करतात. एचआयव्हीच्या उपचारात रुग्णाच्या खरोखर उपयोगी पडणारी जनुकीय चाचणी ती हीच, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही!

एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण, 'बर्लिन पेशंट' टिमोथी रे ब्राउन यांच्याबद्दलही थोडे. त्यांना रक्ताचा कर्करोग होता. त्यासाठी २००७ आणि २००८ मध्ये दोनदा स्टेम सेल प्रत्यारोपण झाले. दात्याच्या दोन्ही प्रती गळालेल्या होत्या हे खरे, पण २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जिनिव्हाच्या रुग्णाच्या दात्याचे सीसीआर५ अगदी नेहमीचे होते. तरीही प्रत्यारोपणानंतर औषधे थांबवली, तेव्हा त्याच्या शरीरात विषाणू उसळला नाही. तेव्हा सगळे श्रेय एका जनुकाला देता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितले आहे, की लागण कळताच प्रत्येकाला एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबणारी औषधे, सुरू करावी, सीडी४ पेशी कितीही असोत. त्यात जनुकाची अट नाही. औषधांनी विषाणू मोजणीत येईनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही सिद्ध झाले आहे.

त्या मुलाला मी 'गरज आहेच' एवढेच सांगितले आणि तास संपला. पुरवणीत याच विषयावर पुन्हा काही छापणार असाल, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात ठळक अक्षरांत यावे, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका