पानाचं चित्र पुरे झालं, आता यादी छापा: ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री साहेब,
नमस्कार. नागपूरहून लिहितेय.

आमच्या गोकुळपेठेत कुठल्याही मोठ्या दुकानात जा, फरशी पुसायच्या लिक्विडचं अर्धं कपाट हिरवं झालंय. प्लांट-बेस्ड, इको-फ्रेंडली, बाळांसाठी सेफ, केमिकल-फ्री. आता केमिकल-फ्री म्हणजे काय हो, पाणीसुद्धा केमिकलच आहे, पण ते जाऊ द्या. माझं मागणं एवढंच की बाटलीत जे आहे ते बाटलीवर लिहायला लावा. सगळं.

बिस्किटाच्या पुड्यावर यादी असते, शांपूवर असते. क्लीनरवर मात्र 'वनस्पतीजन्य घटक, सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलं की भागतं, काहींवर तेवढंही नसतं, कारण पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांना माप पाहिजे, एमआरपी पाहिजे, कंपनीचा पत्ता आणि तक्रारीचा नंबर पाहिजे, पण आत काय काय ओतलंय त्याची पूर्ण यादी ते मागतच नाहीत.

आमच्याकडे पोछा मारायला ज्या ताई येतात त्यांच्या हाताची सालं निघायला लागली, असंच एक हिरवं लिक्विड सुरू केल्यावर. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं यात आहे काय, बाटली नेली, त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, पानाचं चित्र सापडलं फक्त. लिक्विडमुळेच झालं असं मी म्हणत नाही, नसेलही. पण अशा पातळ मालात जंतू होऊ नये म्हणून बरेचदा मिथाइलआयसोथायझोलिनोन नावाचं प्रिझर्व्हेटिव्ह टाकतात, आणि त्याची ॲलर्जी इतकी वाढली की युरोपने २०१७ पासून ते अंगावर लावून ठेवायच्या क्रीम-लोशनमध्ये बंदच करून टाकलं. ते या बाटलीत आहे का नाही एवढं कळलं असतं तरी डॉक्टरांचं काम सोपं झालं असतं ना?

'सुगंध' तर वेगळंच प्रकरण आहे. एक शब्द लिहायचा आणि त्याच्यामागे पंचवीस गोष्टी लपवायच्या. अमेरिकेत ॲन स्टाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये आला, २५ सुगंधी वस्तू तपासल्या, त्यातून १३३ वेगवेगळी उडणारी रसायनं निघाली आणि लेबलवर त्यातलं जवळपास काहीच नव्हतं. ज्या वस्तू स्वतःला ग्रीन म्हणवतात त्यांच्यातून निघणारी कॅन्सरशी जोडलेली प्रदूषकंही साध्या वस्तूंपेक्षा काही वेगळी नव्हती.

आणि आम्ही तर संत्र्याच्या गावचे. संत्र्याच्या सालीच्या तेलात जे लिमोनीन असतं आणि क्लीनरच्या सुगंधातही टाकतात, ते खरंच नैसर्गिक आहे, पण हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड हा कॅन्सरशी जोडलेला वायू तयार होतो. ओझोन कडक उन्हात वाढतो, आणि नागपूरचं ऊन मी तुम्हाला काय सांगू. त्यामुळे नैसर्गिक आहे म्हटलं म्हणजे विषय संपला, असं नाही.

बरं, काही गोष्टी यादी छापूनही दिसणार नाहीत. फेसासाठी जे एसएलईएस नावाचं रसायन वापरतात ते बनवताना १,४-डायॉक्सेन, म्हणजे ज्याने कॅन्सर होतो असा संशय आहे ते, आपोआप तयार होऊन थोडं उरतं, कोणी मुद्दाम टाकत नाही, म्हणून कोणी लिहीतही नाही. त्याच्यावर मर्यादाच लागते. न्यूयॉर्क राज्याने घरगुती क्लीनरसाठी १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, ठेवलीय. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला, २०२१ पासून क्लीनरच्या लेबलवरही घटक द्यावे लागतात. तिथे जमतं तर इथे काऊन नाही जमत?

तुमच्या खात्यातल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगच्या, म्हणजे पर्यावरणाच्या नावाने खोटे दावे करण्याविरुद्धच्या, गाईडलाईन्स काढल्या, चांगलं केलं, मनापासून सांगते. नुसतं ग्रीन, इको-फ्रेंडली म्हणून चालणार नाही, पुरावा पाहिजे. पण तो तपशील क्यूआर कोडमागे ठेवला तरी चालतो. ओल्या हाताने कोण स्कॅन करत बसणार आहे? वर सक्तीचा मजकूर हिंदी किंवा इंग्रजीत असला की झालं, मराठीची अट नाही. पर्यावरणाला जपणाऱ्या मालावरचा सरकारी शिक्का, इकोमार्कचा मटका, १९९१ पासून आहे, २०२४ मध्ये त्याचे नियमही नवे आले, पण आमच्या दुकानातल्या एका बाटलीवर मला तो दिसलेला नाही.

तर यादीची सक्ती करा, डायॉक्सेनला मर्यादा घाला. तपासणीसाठी लांब जायची गरज नाही, नीरी, म्हणजे केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था, आमच्याच वर्धा रोडवर आहे. पोछ्याचं पाणीही फार लांब जात नाही, नाग नदीतून कन्हान, तिथून वैनगंगा, गोसेखुर्द धरण, म्हणजे खाली भंडाऱ्याकडच्या लोकांनाही यात काही म्हणायचं असेल. नमुने मात्र कंपनीने पाठवलेले घेऊ नका, दुकानातून विकत घ्या आणि रिझल्ट ब्रँडच्या नावासकट लावा.

आपली,
गोकुळपेठेतली एक ग्राहक, नागपूर