सैन्यात जायचे की नाही, हे ठरण्याआधी : पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री तथा अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती,
वर्धा जिल्हा

विषय : सैन्यभरतीचा विचार करणाऱ्या ग्रामीण मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना निर्णयापूर्वी खरी माहिती व आरोग्य तपासणी मिळण्याबाबत

महोदय,

देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतल्या गावांमध्ये दहावी-बारावी झालेला मुलगा सैन्यात जायचे की नाही हा प्रश्न ज्या तऱ्हेने सोडवतो, ती तऱ्हा बदलणे आपल्या हातात आहे, म्हणून हे पत्र संरक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे. भरतीचे धोरण दिल्लीत ठरते. निर्णय मात्र गावात होतो. तो बापाच्या वावरात होतो, जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर होतो, भरती अकादमीच्या टिनाच्या शेडखाली होतो, आणि बहुतेक वेळा ऐकीव माहितीवर होतो. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे आणि आमच्या गावातल्या अभ्यासिकेची व्यवस्था पाहतो. तिथे पोलीस भरतीची आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले येतात, त्यांचे आईवडीलही येतात, आणि ते जे विचारतात त्याचे उत्तर एकाही सरकारी कार्यालयात त्यांना समजेल अशा मराठीत मिळत नाही.

मुलांनी सैन्यात जाऊ नये असे सांगण्यासाठी मी लिहीत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करतो. सैन्य या जिल्ह्याला परके नाही. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा भांडार आपल्या जिल्ह्यात आहे आणि मे २०१६ च्या अखेरीस तिथे लागलेल्या आगीत अधिकारी, जवान व अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा या नोकरीत काय पणाला लागते हे आसपासच्या गावांनी जवळून पाहिले. याच जिल्ह्यात पवनारला १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी युद्धात सहभागी होण्याविरुद्ध बोलून वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली होती. सैनिक व्हावे की नाही हा विवेकाचा प्रश्न आहे, असे मानून तो जाहीरपणे विचारण्याची परंपरा या मातीत आहे. आजचा अठरा वर्षांचा मुलगा हो म्हणो किंवा नाही म्हणो, त्याला तो प्रश्न पूर्ण समजून विचारता यावा, एवढीच माझी मागणी आहे.

मुले या वाटेला का लागतात, हे आपल्याला सांगायला नको. चार-पाच एकर कोरडवाहू जमीन, तीवर कापूस, सोयाबीन आणि तूर, दोन भाऊ, एका बहिणीचे लग्न व्हायचे आणि सोसायटीचे कर्ज थकलेले, ही आमच्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. अशा घरात दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारा पगार ही फार मोठी गोष्ट असते, आणि अंगावर वर्दी चढली की गावात घराची मान उंचावते, हेही खोटे नाही. देशासाठी काही करावे ही भावना या मुलांमध्ये खरी आहे. पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि त्यांच्या मनात केवळ पगार आहे असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल.

परंतु त्यांच्या आईवडिलांच्या डोक्यातला हिशोब अजून जुन्या भरतीचा आहे. जुन्या पद्धतीत शिपाई म्हणून लागलेला मुलगा किमान १५ वर्षे सेवा करून पेन्शन घेऊन परतत असे, आणि त्या पेन्शनवर विदर्भातल्या कितीतरी घरांची पुढची पिढी शिकली. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा हिशोब मुळापासून बदलला. या योजनेतून लागणाऱ्याला अग्निवीर म्हणतात. आता प्रशिक्षण धरून सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवणार, बाकीचे परत येणार. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ‘पोरगा मिलिटरीत लागला’ असे सांगून पेढे वाटणाऱ्या बापाला हे ऐकून माहीत असते, पण त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

सेवा निधीचेच उदाहरण घ्या. चार वर्षांनी ११.७१ लाख रुपये मिळतात, हा आकडा प्रत्येक गावात पाठ आहे. योजना जाहीर झाली तेव्हाच्या तक्त्यानुसार पहिल्या वर्षी महिन्याचे ठरलेले वेतन ३०,००० रुपये, पण त्यातले ३० टक्के कापून हातात २१,००० रुपये येतात. चौथ्या वर्षी वेतन ४०,००० आणि हातात २८,००० असतात. चार वर्षांत अशा प्रकारे मुलाच्या स्वतःच्या पगारातून सुमारे ५.०२ लाख रुपये कापले जातात, तेवढेच सरकार घालते, आणि व्याज धरून ११.७१ लाख होतात. म्हणजे जी रक्कम गावात सरकारने दिलेले बक्षीस समजली जाते, तिच्यात अर्ध्याच्या जवळपास वाटा मुलाने आधीच कमावलेल्या पैशांचा असतो. ती करमुक्त आहे, चांगली रक्कम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बहिणीचे लग्न, थकलेले कर्ज आणि नवे ट्रॅक्टर ही तिन्ही कामे घरच्यांनी त्याच रकमेवर आधीच टाकून ठेवलेली असतात, आणि परत आलेल्या तरुणाला स्वतःचे काही उभे करायला त्यातून काय उरेल, याचा विचार कोणी केलेला नसतो. ज्याला पुढे कायम केले जाईल त्याला सेवा निधीतून स्वतःचा कापलेला वाटा आणि त्यावरचे व्याज एवढेच मिळते. मधेच स्वतःच्या इच्छेने सोडून येण्याची मुभा अपवादात्मक परिस्थिती वगळता नाही, आणि तसे कोणी आलेच तर सरकारचा वाटा त्याला मिळत नाही. चार वर्षे लग्न करता येत नाही. अठराच्या आतल्या मुलाच्या अर्जावर पालकांची सही लागते. ती सही करणाऱ्या किती पालकांना या गोष्टी कोणी समोर बसवून सांगितल्या आहेत?

सर्वांत अवघड गोष्ट बोलायला कोणीच धजावत नाही, म्हणून मी लिहितो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. सेवेत असताना कर्तव्यावर मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवा निधी आणि चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचे वेतन कुटुंबाला मिळते, मात्र नियमित सैनिकाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. हे चूक की बरोबर, हा वाद संसदेत झाला आहे आणि पुढेही व्हावा. पण मुलाला पाठवणाऱ्या आईला हे पाठवण्याआधी ठाऊक असले पाहिजे, नंतर नव्हे.

आता परत येणाऱ्यांकडे वळतो, कारण इथे जिल्हा आणि राज्य यांची जबाबदारी सरळ येते. २०२२ ची अखेर आणि २०२३ ची सुरुवात या काळात दाखल झालेल्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ ची अखेर ते २०२७ ची सुरुवात या काळात पूर्ण होतात. परतणाऱ्या तरुणाला योजनेनुसार माजी सैनिकाचा दर्जा नाही. मग तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दारात गेला तर त्याला आत घेणार का? राज्याच्या नोकऱ्यांमध्ये माजी सैनिकांसाठी जे समांतर आरक्षण आहे, त्यात तो बसणार नसेल तर पोलीस दल, राज्य राखीव पोलीस दल, वनरक्षक या पदांवर त्याचा हक्क किती, हे त्याला भरती होण्याआधी लिहून मिळायला हवे. केंद्राने निमलष्करी दलांत राखीव जागा जाहीर केल्या आहेत, हरियाणा आणि उत्तर प्रदेश यांनी पोलीस भरतीत वाटा जाहीर केला आहे. आश्वासन जेवढे स्पष्ट, तेवढा मुलाचा निर्णय शहाणपणाचा. आपण राज्य सरकारमध्ये मंत्री आहात. हा विषय तिथे मांडण्याचे काम आपलेच आहे.

याच्या जोडीला शिक्षणाचा मुद्दा आहे. दहावीवर लागलेल्या अग्निवीराला सेवेत असतानाच राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीचे प्रमाणपत्र मिळवता येते, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पदवीत सेवेतल्या प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक धरले जातात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गासाठी २८ असल्यामुळे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी परतलेल्या मुलाच्या हातात अजून काही वर्षे असतात. या दोन गोष्टी ज्याला जाताना माहीत असतील तो चार वर्षांत पुस्तक हातातून सोडणार नाही. ज्याला माहीत नसतील तो गावात येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करेल.

जे निवडले जात नाहीत त्यांची संख्या निवडलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि त्यांच्याविषयी कोणी पत्र लिहीत नाही. योजना आली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठरली. त्याआधी कोविडमुळे दोन वर्षे भरती बंद होती, आणि त्या काळात तयारी करणाऱ्यांना २०२२ पुरती २३ वर्षांपर्यंत सवलत मिळाली, तरी आमच्या भागातली कितीतरी मुले वयातून बाद झाली. त्यांतल्या काहींनी कॉलेज सोडले होते, काहींनी अकादमीच्या फीसाठी घरची बैलजोडी विकायला लावली होती. सोळाशे मीटर धावणे पक्के, पुलअप्स पक्के, आणि मग मेडिकलमध्ये तळपाय सपाट निघतात, गुडघे जुळतात किंवा रंग ओळखता येत नाहीत. दोन-तीन वर्षे रोज पहाटे घाम गाळलेल्या मुलाला ही गोष्ट शेवटच्या दिवशी कळते, जी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पहिल्या महिन्यात अर्ध्या तासात कळली असती.

आमच्या बाजूला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्नही आहे. पूर्व विदर्भात हा आजार आणि त्याचे वाहक लक्षणीय प्रमाणात आढळतात. अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि उंचावरची विरळ हवा अशा शरीरावर संकट आणू शकतात. मे महिन्याच्या उन्हात स्वतःला झिजवणाऱ्या मुलाला आपल्या रक्तात काय आहे हे ठाऊक नसावे, ही गोष्ट मला सहन होत नाही. सिकलसेलची तपासणी सरकारी यंत्रणेत होते. ती भरतीच्या तयारीशी जोडायची आहे, एवढेच.

आणखी एक गोष्ट गावांत कोणी सांगत नाही : सैन्यात जाण्याचा मार्ग अग्निवीर हा एकच नाही. बारावीनंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा देऊन अधिकारी होता येते, त्यासाठी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून चालते, आता प्रबोधिनीची दारे मुलींनाही खुली आहेत. आमच्या अभ्यासिकेत गणितात चमकणारी एक मुलगी सैनिकी पोलीस दलातल्या भरतीची तयारी करत होती. अधिकारी होण्यासाठी परीक्षा असते हे तिने बारावी होईपर्यंत ऐकले नव्हते. हुशार मुलांपुढे शिपाईपदाचीच वाट ठेवली जाते, याचे मला फार वाईट वाटते, आणि यात शाळांचाही दोष आहे.

म्हणून विनंती अशी की, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून प्रत्येक तालुक्यात सैन्यभरतीपूर्व माहिती व तपासणीची सोय करावी. दोन पानांचे मराठी पत्रक पुरे आहे : वेतन, कपात, सेवा निधी, कायम होण्याचे प्रमाण, मृत्यू व अपंगत्व आल्यास काय मिळते आणि काय मिळत नाही, परतल्यावर काय. ते ग्रामसभेत वाचून दाखवावे, कारण अनेक आईवडील ते स्वतः वाचू शकणार नाहीत. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा प्रत्येक तालुक्याला यावे, सोबत एक जुना माजी सैनिक आणि चार वर्षे पूर्ण करून परतलेला एक तरुण असावा, म्हणजे मुलांना दोघांचेही अनुभव ऐकता येतील. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस भरतीपूर्व तपासणीला द्यावा. परतणाऱ्या अग्निवीरांची नोंद जिल्ह्याने ठेवावी. त्यांना दर्जा कोणता द्यायचा हे दिल्ली ठरवेल, पण ते आपल्या जिल्ह्यातले आहेत हे जिल्ह्याला माहीत असायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

अकादम्यांवरही लक्ष हवे. सगळ्या वाईट नाहीत, काही माजी सैनिक अत्यंत प्रामाणिकपणे आणि नाममात्र फी घेऊन शिकवतात. पण ‘सेटिंग’ करून देतो असे सांगून पैसे घेणारे लोक दर भरतीच्या आधी गावात फिरतात आणि फसलेला मुलगा लाजेने तक्रार करत नाही. सैन्यात निवड होण्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत, हे वाक्य त्या पत्रकात ठळक अक्षरांत छापावे.

अग्निवीर भरतीची सामाईक प्रवेश परीक्षा २०२५ पासून मराठीतही देता येते, ही मोठी सुधारणा झाली आहे. परीक्षा मराठीत होऊ शकते तर परीक्षेला बसायचे की नाही हे ठरवण्याची माहितीही मराठीत मिळू शकते. पुढची ऑनलाइन नोंदणी सुरू होण्याआधी जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निर्णय काय झाला ते ग्रामपंचायतींना लेखी कळवावे. आमच्या अभ्यासिकेत सध्या तयारी करणारी मुलेमुली आणि त्यांचे पालक आपण बोलवाल त्या ठिकाणी येऊन स्वतःचे प्रश्न आपल्यासमोर मांडायला तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
देवळी तालुका, जिल्हा वर्धा