माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की सोलापूरच्या आसपासच्या माळांवर वृक्षारोपणाचे खड्डे दिसू लागतात. मीही ते घेतले आहेत. शाळेत नोकरीला असताना एका संस्थेच्या उपक्रमात मुलांना घेऊन शहराबाहेरच्या माळावर तीनशे रोपे लावली, बहुतेक गिरिपुष्पाची. मुरुमाच्या ढिगाशेजारी सातवीतल्या एका मुलीला माळटिटवीची चार अंडी दिसली. ना घरटे, ना काडी. खड्यांत खड्यांसारखीच पडलेली. आम्ही तो खड्डा हातभर सरकवून घेतला आणि पुढे गेलो. रोपे किती जगली याचा आकडा संस्थेने दोन वर्षे घेतला. टिटवी परत आली का, कुसळी-पवन्यासारखे गवत किती उरले, तिथे चारायला येणारे मेंढपाळ कुठे गेले, हे कोणीच विचारले नाही. मीसुद्धा नाही. त्याची टोचणी अजून आहे.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. माळढोक पक्ष्याला चहूकडे नजर पोहोचेल असा उघडा माळ लागतो, तरी त्याच्याच माळांवर झाडे लावली गेली. १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे. त्यात शेते आली, गावे आली, शहरेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि लोक पक्ष्यावरच रागावले. ही हद्द सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर यायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला. दर चार-पाच वर्षांनी आढावा घेऊन ती थोडी थोडी दुरुस्त केली असती, तर एवढी कटुता आली नसती असे मला वाटते. आज याच अभयारण्यातल्या नान्नजला माळढोक दिसला तर बातमी होते.

पर्यावरणशास्त्रात यासाठी ‘अॅडाप्टिव्ह मॅनेजमेंट’ ही पद्धत आहे. कॅनडाचे शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये ती मांडली. निसर्गाबद्दलचा आपला निर्णय चुकू शकतो हे आधीच धरून चालायचे, तो प्रयोगासारखा राबवायचा, मोजायचे आणि बदलायचे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणाने गाळ अडवल्यामुळे खालच्या खोऱ्यातले वाळूचे काठ झिजले. १९९६ मध्ये मुद्दाम मोठा विसर्ग सोडला. काठ भरले, पण लवकरच पुन्हा खचले. मोजणी चालू होती म्हणून कळले की, उपनदीने नवी वाळू आणल्यानंतरच पाणी सोडायला हवे. २०१२ पासून विसर्गाचा नियमच तसा केला गेला.

आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. नवे बियाणे तो आधी एका पट्टीत पेरून पाहतो, सगळे रान त्यावर लावत नाही. मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाणसुद्धा मोहोळच्या संशोधन केंद्रात अशाच पारखीतून निवडले गेले.

म्हणून वनविभागाला आणि वृक्षारोपण करणाऱ्या संस्थांना विनंती आहे. यंदा माळावर सरसकट खड्डे घेऊ नका. एक तुकडा झाडांना द्या, एक नुसता गवताला, एक ठरावीक चराईला मोकळा ठेवा. तिन्हींत गवत, पक्षी, काळवीट यांची नोंद पाच वर्षे ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, काय दिसले तर झाडे लावणे थांबवायचे, हे पहिला खड्डा घेण्याआधी लिहून ठेवा. नंतर ठरवायला बसलो की जगलेल्या रोपांचे फोटो पुढे येतात आणि बाकी सगळे मागे पडते. मेंढपाळांनाही मोजणीला बोलवा. कुठल्या माळावर कुठले गवत कमी झाले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

टिटवीची अंडी सापडतात ती ऐन उन्हाळ्यात. त्या दिवसांत पहाटे माळ पायी तुडवून नोंदी घ्यायला माणसे लागतील. मी यायला तयार आहे, आणि माझे दोन-तीन निवृत्त सहकारीही.

– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर