एकवीस चौकटींचा तक्ता

महोदय,

चांगल्या सवयींवरच्या मजकुरासोबत हमखास एकवीस चौकटींचा तक्ता छापला जातो. रोज एक खूण करा, एकविसाव्या दिवशी सवय लागलीच म्हणून समजा! या आकड्याचे मूळ सहसा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या लिखाणात सापडते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णाला किमान २१ दिवस लागतात, असे त्यांनी १९६० साली लिहिले. पुढे 'किमान' गळाले आणि चेहऱ्याचा हिशेब सवयीला चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एकच कृती, रोजच्या एकाच प्रसंगाला जोडून करायला सांगितली. ती आपसूक होऊ लागायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला; बारा आठवड्यांपलीकडचे आकडे नोंदींवरून बांधलेला अंदाज आहेत. मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायाम रेंगाळला. म्हणजे बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे जिवावर येत असेल, तर काहीही बिघडलेले नसते. तक्ता मात्र माणसाला नापास ठरवतो आणि माणूस प्रयत्न तिथेच सोडून देतो. याचे फार वाईट वाटते.

दुसरी गफलत वेळेची. 'सकाळी सात वाजता' ही खूण कच्ची, कारण सात वाजल्याचे कळण्यासाठी घड्याळ बघायचे लक्षात ठेवावे लागते. मोबाइलचा गजर लावला, तर तो बंद करण्याचीच सवय लागते. त्यापेक्षा आधीपासून न चुकता होणारी कृती निवडावी : दात घासून ब्रश जागेवर ठेवला, की लगेच. ती कृती रविवारी आणि प्रवासातही होते ना, एवढे पाहावे. 'ऑफिसमधून आल्यावर' ही खूण सुट्टीच्या दिवशी नाहीशी होते आणि सोमवारी सगळे विस्कटलेले असते.

मापही लहान हवे. अर्धा तास चालण्याऐवजी पहिले दोन आठवडे फक्त बूट घालून पाच मिनिटे बाहेर. बूट रात्रीच दाराशी, मोजे त्यांच्यातच. पाच मिनिटे फारच थोडी वाटतील, पण या काळात दम वाढवायचा नसून दाराबाहेर पडणे पक्के करायचे असते. ते झाले, की आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. दुसरी सवय तोवर हाती घेऊ नये.

खाडा पडणारच. वरच्या अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खाड्याने फारसे नुकसान झाल्याचे दिसले नाही. नुकसान होते ते भरपाईच्या हट्टाने : आज दुप्पट करतो म्हणायचे, दमायचे आणि परवा पुन्हा चुकवायचे. खाड्यानंतरच्या दिवशी सर्वांत लहान माप घ्यावे, दोन मिनिटांचे का असेना. सलग दिवसांची साखळीही मोजू नये. एका खाड्याने ती शून्यावर येते आणि चाळीस दिवस वाया गेल्यासारखे वाटते. अठ्ठावीस दिवसांत किती वेळा झाले, तेवढे मोजावे.

रोजच्या गोळ्यांबाबत एक सावधगिरी. सवय मुरली, की गोळी घेतल्याचे आठवतच नाही, आणि शंका आली की दुसरी घेतली जाते. म्हणून सात वारांच्या कप्प्यांची डबी भरून ठेवावी. आजचा कप्पा रिकामा दिसला, की प्रश्न मिटला. चुकलेल्या गोळीची भरपाई डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

पुढच्या वेळी तक्ता छापाल तेव्हा एकवीसऐवजी चौऱ्याऐंशी चौकटी छापाव्यात, म्हणजे पुरते बारा आठवडे. आणि त्या तक्त्याखाली १८ आणि २५४ हे दोन्ही आकडे द्यावेत, ही विनंती.

— एक नियमित वाचक