पत्ता नीट लिही

चि. विकास,
अनेक आशीर्वाद.

फ्रान्सच्या फॉरेन लीजनचं, म्हणजे परदेशी जवानांच्या फौजेचं, कास्तेलनोदारीचं ट्रेनिंग आटोपून तुला नीमची दुसरी परदेशी इन्फंट्री रेजिमेंट मिळाली, हे फोनवर कळलं. आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. मी गप्प राहिलो म्हणून तू चिडलास. पण भरतीत दुसरं नाव घेतल्याचं तू इतक्या सहज सांगितलंस, की मला पुढचं ऐकूच आलं नाही. घरचा पत्ता तरी आपला दिलास ना?

रेजिमेंट जुनी, १८४१ ची. आमची मराठा लाइट इन्फंट्री १७६८ ची, हे आपलं जाता जाता!

तुमच्या लीजनच्या कॅमेरोनच्या लढाईबद्दल वाचलं. ३० एप्रिल १८६३, मेक्सिको. अधिकारी धरून पासष्ट जण, समोर दोनेक हजार. त्यांच्या म्होरक्याचा, कॅप्टन दांजूचा, लाकडी हात आज लीजनच्या मुख्यालयात, ओबान्यला जपून ठेवलाय. दरवर्षी त्या दिवशी सकाळी अधिकारी जवानांना कॉफी देतात, हे फार आवडलं. आमच्या बडाखान्यातही साहेब वाढायचे. पण ते पासष्ट जण नाना मुलखांतले. त्यांच्या घरी कोणी कळवलं असेल रे?

तुला कधी सांगितलं नाही. कंपनीतल्या एकाची पेटी पोचवायला मी गेलो होतो. त्यानं भरतीच्या वेळी नुसतं 'वडगाव' सांगितलेलं, ना तालुका ना पोस्ट. मी भलत्याच वडगावात शिरलो. तिथल्या म्हातारीचाही पोरगा फौजेत. हिरवी पेटी बघून ती उंबऱ्यातच बसली. तिचा पोरगा धडधाकट होता, पण हे तिला पटवेपर्यंत अंधार पडला.

म्हणून म्हणतो, मु. पो., तालुका, जिल्हा, सगळं लिही. शेजारच्या दुकानाचा नंबरही दे.

लढाईत जखमी झालं की फ्रेंच नागरिकत्व मागता येतं, हे तू हसत सांगितलंस. आईसमोर पुन्हा बोलू नकोस. पगार उधळू नकोस, पायांची काळजी घे, मोजे ओले ठेवू नकोस... झालं, लागलो शिकवायला. राग मानू नकोस. लीजनची पांढरी टोपी, केपी, घातलेला तुझा फोटो चौकातल्या सगळ्यांना दाखवून झालाय, तुझ्या काकालासुद्धा.

पुईलुबिएला लीजनचे द्राक्षमळे आहेत आणि म्हातारे, जखमी जवान तिथं राहतात म्हणे. सोय चांगली आहे. तू मात्र तिकडं राहायचा विचार करू नकोस. करार पाच वर्षांचा ना? वरच्या खोलीचा स्लॅब दिवाळीनंतर टाकतोय. खिडकी रस्त्याकडं हवी की विहिरीकडं, ते कळव.

तुझे,
आबा