हायवे रुंद होतोय, चालायचं कुठून?

महोदय,

पूर्व द्रुतगती महामार्गावर काम निघालं की पहिला बळी फुटपाथचा जातो. विक्रोळी-कांजूरच्या सर्व्हिस रोडला पहाटे पाववाले सायकलवर, इडलीचा डबा मागे बांधलेले अण्णा, नाईट करून चालत निघालेले वॉचमन, सगळे बॅरिकेड आणि डंपरच्या मधल्या फटीतून जातात, त्यात पेव्हर ब्लॉक उखडलेले, गटाराचं झाकण वर आलेलं, पाऊस असला तर ते पण दिसत नाही.

रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा असं स्पष्ट आहे, मोकळा म्हणजे मध्ये खांब नको, विजेचा डीपी बॉक्स नको. अटल सेतूवर सायकल आणि चालणाऱ्यांना बंदी आहे, ते समजू शकतो, पण इथे हायवेच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात हो! आणि प्लीज, फूटओव्हर ब्रिज बांधून मोकळे होऊ नका, गुडघे दुखणाऱ्या आजी आणि लोड केलेली सायकल जिना चढत नाही.

टेंडरमध्येच कामाच्या काळातली पायवाट आणि नंतरचा सलग सायकल ट्रॅक, दोन्हीचे पैसे वेगळे धरा, ते झाल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरचं शेवटचं बिल पास करू नका.

- एक वाचक, विक्रोळी