विजेचा ट्रक मालधक्क्याशी जोडा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेतून ई-ट्रकसाठी अनुदान जाहीर केले, तेव्हापासून कळंबोलीच्या वाहतूकदारांमध्ये एकच प्रश्न विचारला जात आहे : विजेवरचा ट्रेलर आपल्याला परवडेल का? माझ्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. ट्रेलर कोणत्या मार्गावर आणि किती अंतरासाठी चालवायचा, आणि त्यापुढचे लांबचे अंतर माल कशावरून जाणार, हे ठरल्याशिवाय परवडण्याचा हिशेब मांडताच येत नाही. सरकारी पातळीवरही ई-ट्रकची योजना एका खात्यात आणि रेल्वे मालवाहतुकीची दुसऱ्या खात्यात आखली जाते. या दोन योजनांची गाठ मालधक्क्यावर, म्हणजे रेल्वेचा माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवर, पडायला हवी, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

चाकण ते न्हावा शेवा हा आम्हा अनेकांचा रोजचा मार्ग. एका बाजूचे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. सध्या बाजारात मिळणाऱ्या ५५ टनी ई-ट्रेलरची बॅटरी साधारण अडीचशे ते तीनशे युनिटची असते आणि भरलेला ट्रेलर किलोमीटरमागे सव्वा ते दीड युनिट वीज घेतो. म्हणजे एका दमात पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर, यापेक्षा जास्त अपेक्षा धरू नये. परंतु बंदराच्या दारात किंवा कारखान्याच्या आवारात आमची गाडी एरवीही तासन् तास उभी असते. तेथेच चार्जर असेल तर चार्जिंगसाठी वेगळा वेळ द्यावा लागत नाही. भरलेला डिझेल ट्रेलर लिटरला जेमतेम तीन किलोमीटर देतो, त्यामुळे इंधनाचा खर्च किलोमीटरला तीस रुपयांच्या घरात जातो. विजेचा दर युनिटला दहा रुपये धरला तरी तो निम्म्यावर येतो.

या मार्गावर घाटाचाही मोठा फायदा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. निर्यातीचा भरलेला कंटेनर घेऊन ४० टनांचा ट्रेलर खंडाळ्याहून खोपोलीला येतो तेव्हा तो सुमारे साडेपाचशे मीटर खाली उतरतो. एवढ्या उतारात साधारण ६० युनिट ऊर्जा मोकळी होते. आज ती ब्रेक तापवण्यात आणि इंजिनाने वेग रोखण्यात वाया जाते, आणि ब्रेक निकामी होऊन बोरघाटात होणाऱ्या अपघातांच्या बातम्या आपण सारे वाचतोच. विजेच्या ट्रेलरची मोटर उतारावर जनित्राचे काम करते. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध वजा केला तरी त्या ऊर्जेपैकी निम्म्याच्या आसपास बॅटरीत परत येऊ शकते आणि ब्रेकवरचा भारही हलका होतो. मात्र बॅटरी वरूनच पूर्ण भरून निघालेली असेल तर ही ऊर्जा साठवायला जागा उरत नाही. म्हणून घाटमाथ्यावर गाडी काठोकाठ चार्ज करून लगेच उतरू नये, हे चालकांना आधीच शिकवावे लागेल.

घाटात वीज वापरणे आपल्याला नवीन नाही. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले, तेव्हा रेल्वेची लोकं ज्यांना ‘खेकडा’ म्हणत ती विजेची इंजिने मालगाड्या ओढत बोरघाट चढू लागली. आजही कर्जत-लोणावळा दरम्यान ३७ ला १ असा चढ असल्याने मालगाडीला मागून बँकर इंजिनांचा रेटा द्यावा लागतो. सपाटीवर रुळाचा फायदा फार मोठा आहे : एक टन माल टायरवर ओढायला सहा ते आठ किलोची ओढ लागते, तर पोलादी रुळावर एक-दोन किलो पुरते. पण ३७ ला १ च्या चढावर टनामागे नुसत्या चढाचीच २७ किलोची ओढ पडते. ती ट्रकलाही चुकत नाही आणि रेल्वेलाही चुकत नाही, त्यामुळे सपाटीवर चार-पाच पटींचा असलेला फरक तेथे अगदी थोडा उरतो. शिवाय चाकणला रेल्वे नाही. म्हणून बंदर ते चाकण एवढ्या टप्प्यासाठी रेल्वेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तो टप्पा ई-ट्रकचाच आहे.

पण हाच ट्रेलर दिल्लीला पाठवायचा म्हटले की हिशेब पार उलटतो. वाटेत अनेकदा चार्जिंगसाठी थांबावे लागेल, प्रत्येक थांब्यावर मोठ्या क्षमतेचा चार्जर मोकळा मिळावा लागेल, आणि दीड-दोन टनांची बॅटरी सारा वेळ मालाच्या वजनातून वजा करत वाहून न्यावी लागेल. बॅटरी मोठी बसवली तर हे वजन आणखी वाढेल. त्या अंतरासाठी वरच्या तारेतून वीज घेणारी मालगाडी आपल्याकडे आधीच धावते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासलगावहून दिल्लीला ४२ वाघिण्यांतून १६०० टन कांदा गेला. नाशिक-दिल्ली एका रेकचा, म्हणजे एका संपूर्ण मालगाडीचा, खर्च रेल्वेने ७०.२० लाख रुपये आणि तेवढाच माल रस्त्याने नेल्यास ८४ लाख रुपये, असे त्या वेळी केंद्र सरकारनेच सांगितले होते. त्यासाठी नवे तंत्रज्ञान किंवा नवी बॅटरी लागली नाही.

मग सगळाच माल रेल्वेने का जात नाही? स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातल्या मालवाहतुकीचा फार मोठा हिस्सा रेल्वेकडे होता. आता तो तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आहे आणि राष्ट्रीय रेल्वे योजनेत तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. दोष विजेत किंवा रुळात नाही. संपूर्ण रेक भरेल एवढा माल एका वेळी, एका ठिकाणी, एकाच गावासाठी असणारे व्यापारी मोजके आहेत. बाकीच्यांना रेकची वाट पाहावी लागते, मालगाडी केव्हा पोहोचेल याची खात्री नसते, आणि मालधक्क्यावर माल उतरवायला उशीर झाला की डॅमरेज, म्हणजे वाघिणी अडकवून ठेवल्याचा दंड, भरावे लागते. त्यावर घर ते मालधक्का आणि मालधक्का ते गोदाम अशा दोन वेगळ्या गाड्यांचे भाडे आणि दोन वेळची हमाली. एवढे सारे जमेस धरल्यावर व्यापारी सरळ ट्रक बोलावतो, आणि त्याला दोष देता येत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली-दानापूर अशी पहिली किसान रेल सुटली तेव्हा ही अडचण काही अंशी दूर झाली होती, कारण तिच्यात थोडा-थोडा माल, वेगवेगळ्या स्थानकांवर, वेळापत्रकाने चढत होता. सांगोल्याच्या डाळिंबांनाही तिचा उपयोग झाला. अनुदान संपल्यावर ती मंदावली, याचे मला फार वाईट वाटते. भाड्यातली सवलत कमी झाली तरी वेळापत्रकाने धावणारी, थोडा माल घेणारी गाडी टिकायला हवी होती.

रेल्वेच्या या दुखण्यावर ई-ट्रक हाच एक उपाय ठरू शकतो. मालधक्क्यापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात दिवसभर येरझाऱ्या घालणाऱ्या गाडीला लहान बॅटरी पुरते, ती रात्री एकाच जागी चार्ज होते आणि किलोमीटरमागचा खर्च निम्म्यावर येत असल्याने पहिल्या आणि शेवटच्या टप्प्याचे भाडेही उतरू शकते. कोकण रेल्वेने हे दुसऱ्या प्रकारे करून दाखवले आहे. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड-वेर्णा मार्गावर भरलेले ट्रकच वाघिण्यांवर चढवून नेले जातात, आणि २०२२ मध्ये संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण झाल्याने आता तो डिझेलचा ट्रकही एवढे अंतर विजेवरच कापतो. मालकाला नवी गाडी घ्यावी लागली नाही, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

कारण गाडीच्या किमतीचा प्रश्न खरा आहे. ई-ट्रेलरची किंमत डिझेलच्या दुप्पट ते तिप्पट पडते आणि पीएम ई-ड्राइव्हचे अनुदान गाडीमागे जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये आहे. तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र दिल्यावरच. देशभरातील सुमारे ५६०० ट्रकांपुरतीच ही तरतूद असल्याने ती बंदरे, सिमेंट आणि पोलादाच्या मोठ्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्यांकडेच जाईल, अशी मला भीती वाटते. एक-दोन गाड्यांच्या मालकाला बँक एवढे कर्ज देत नाही, आणि पाच वर्षांनी जुन्या ई-ट्रेलरला काय भाव मिळेल हे आज कोणीच सांगू शकत नसल्याने हप्ताही जड बसतो.

राज्य सरकारच्या हाती मात्र एक गोष्ट लगेच आहे. २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसगाड्यांना टोलमाफी दिली, पण मालवाहू गाड्यांना त्यातून वगळले. दिवसातून दोनदा टोल भरणाऱ्या ट्रेलरला ही माफी मिळाली तर वर्षाकाठी होणारी बचत कर्जाच्या हप्त्याला थेट हातभार लावील. ज्या गाडीने घाटातला सर्वाधिक धूर कमी होणार आहे, तिलाच या सवलतीबाहेर ठेवू नये.

आणि रेल्वे मंत्रालयाला एक विनंती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेला मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा मार्ग मध्य भारताला आपल्या बंदरांच्या जवळ आणणार आहे. त्यावरील मालधक्क्यांचे आराखडे करतानाच ट्रक चार्जिंगसाठी उच्चदाबाची जोडणी, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि चालकांसाठी विश्रांतीची सोय त्यांत धरावी. तारेतली वीज त्या आवारापर्यंत येणारच आहे. ती फलाटापलीकडच्या ट्रकतळापर्यंत नेण्याचा खर्च बांधकामाच्या वेळीच सर्वांत कमी येतो.

आपला,
एक माल वाहतूकदार,
कळंबोली, नवी मुंबई